वर्म्सच्या ज्यू आळीत

जर्मनीतल्या माइन्झहून ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे जाणारी लोकल गाडी पाऊण तासाच्या आत वर्म्सला पोहोचते. आपल्याला हे गाव इतिहासाच्या पुस्तकात भेटते ते १५२१ साली मार्टिन ल्यूथर जिथे सम्राटापुढे उभा राहिला त्या सभेमुळे, आणि पर्यटकही आधी ल्यूथरच्या पुतळ्याकडेच वळतात. मी मात्र गेलो होतो ते येथील ज्यू वस्तीच्या खुणा पाहायला. याच खुणांमुळे २०२१ साली श्पायर आणि माइन्झ या शेजारच्या शहरांबरोबर वर्म्सचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला.

आधी गेलो हायलिगर झांड या दफनभूमीत. अकराव्या शतकापासून वापरात असलेल्या या जागेत अडीच हजारांच्या आसपास थडगी आहेत. वाळूच्या दगडाच्या शिळा जमिनीत खचून कुठे उजवीकडे, कुठे डावीकडे कलल्या आहेत, गवत मोकळे वाढू दिले आहे आणि झाडांच्या वर कॅथेड्रलचे मनोरे दिसतात. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन शिळांच्या माथ्यावर खडे रचलेले होते आणि खड्यांखाली घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. त्यांतली एक रोथेनबुर्गच्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेइर यांची. जर्मन मुलूख सोडून निघालेल्या या विद्वानाला राजा रुडॉल्फ याने १२८६ साली कैद केले. आपल्या सुटकेसाठी खंडणी भरू नये, नाहीतर उद्या प्रत्येक रब्बीला असेच धरून नेतील, असे त्यांनी बजावल्याची परंपरा सांगते. १२९३ साली ते कैदेतच वारले आणि त्यानंतर चौदा वर्षे राजसत्तेने त्यांचे शवही अडवून ठेवले. अखेर अलेक्झांडर बेन सालोमन या धनिकाने मोठी रक्कम मोजून ते सोडवले आणि त्या बदल्यात मागितले ते एवढेच, की मरणानंतर आपल्याला त्यांच्या शेजारी जागा मिळावी. दुसरी शिळा त्याची.

तेथून शहर ओलांडून उत्तरेच्या तटबंदीला लागून वळत गेलेल्या ज्यू आळीत आलो. गल्ली अरुंद आहे, घरे नीटनेटकी रंगवलेली आहेत आणि मध्यावर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे. हे सिनेगॉग पहिल्यांदा बांधले गेले १०३४ साली. ते बांधवणाऱ्या दांपत्याचा शिलालेख आजही दाराजवळ पाहायला मिळतो. फ्रान्समधून आलेला तरुण राशी, जो पुढे बायबल आणि तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाचा सर्वांत मोठा भाष्यकार झाला, तो अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथेच शिकला. १०७४ साली राजा चौथ्या हाइनरिखने वर्म्सकरांना जकात माफ करणारी सनद दिली, तिच्यात ज्यूंचा उल्लेख आधी आणि इतर शहरवासीयांचा नंतर आहे. ही मंडळी शहराच्या व्यापारात किती मुरलेली होती, याचा याहून चांगला पुरावा मला तरी ठाऊक नाही.

त्या सनदेला पंचवीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा, १०९६ च्या मे महिन्यात, पहिल्या क्रुसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) वाटेवरच्या झुंडी शहरात शिरल्या. घरी राहिलेले ज्यू आधी मारले गेले, आणि बिशपच्या वाड्यात आसरा घेतलेले आठवड्याभराने. मृतांचा आकडा आठशेच्या घरात सांगतात. उरलेल्यांनी पुन्हा संसार उभे केले. ११७५ च्या सुमारास नवे सिनेगॉग झाले, दहा वर्षांनी जमिनीखाली शुद्धिस्नानाचे कुंड झाले (मी गेलो तेव्हा ते दुरुस्तीसाठी बंद होते) आणि १२१३ पर्यंत स्त्रियांसाठी स्वतंत्र दालनही झाले. पुढे १३४९ च्या प्लेगात ज्यूंवर आळ घेऊन वस्ती जाळली गेली, १६१५ साली त्यांना शहराबाहेर काढले गेले, १६८९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी सगळे शहरच पेटवले. प्रत्येक वेळी हे लोक परत आले आणि त्याच पायावर त्यांनी वास्तूचा जीर्णोद्धार केला.

१९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी सिनेगॉग जाळले, १९४२ साली उरल्यासुरल्या भिंतीही पाडल्या, आणि या वेळी परत यायला कोणी उरले नाही. आज आपण पाहतो ती इमारत १९६१ साली उद्घाटन झालेली आहे. ती जर्मन शासनाने, ढिगाऱ्यातून वेचून ठेवलेले जुने दगड वापरून बांधली. आतले दोन खांब, कमानी, दाराची नक्षी सगळे जागच्या जागी आहे. पण सार्वजनिक प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष तेव्हा वर्म्समध्ये नव्हते. अलिबागची इस्रायल आळीही जवळजवळ ओस पडली आहे, पण तिथली माणसे आपल्या मर्जीने इस्रायलला गेली; येथे तसे झाले नाही. म्हणून या वास्तूच्या डौलाचे कौतुक करताना मला अवघडल्यासारखे झाले. जीर्णोद्धार भक्तांनी करायचा असतो, येथे तो शासनाने केला.

तरीही तो करायला नको होता, असे मी म्हणणार नाही. शहराचे अभिलेखपाल फ्रीडरिख इलर्ट यांनी नाझी राजवटीतच १२७२ सालची सणांच्या प्रार्थनांची हस्तलिखित पोथी कॅथेड्रलमध्ये लपवून वाचवली. तिच्यातल्या एका ठळक हिब्रू शब्दाच्या अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत यिडिश या युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतल्या दोन ओळी लिहिलेल्या आहेत. ही जड पोथी उचलून सिनेगॉगमध्ये नेणाऱ्याला चांगला दिवस लाभो, असा त्यांचा आशय आहे. यिडिशचे सन-तारखेसह मिळालेले हे सर्वांत जुने वाक्य मानतात. पुढे वर्म्सने ती पोथी आपल्याकडे ठेवायची धडपड केली, पण १९५७ साली ती जेरुसलेमला सुपूर्द झाली. मला हा निवाडा योग्य वाटतो. ती उचलून नेणारे हात आता तिकडेच आहेत. वर्म्सचे सिनेगॉग आज माइन्झच्या ज्यू समाजाच्या ताब्यात आहे आणि तेथे अधूनमधून प्रार्थनाही होतात.