करंगळी

नोव्हेंबर आला की आमच्या गावातल्या बायांची बोटं चालेनाशी होतात. म्हणजे शेतात चालतात, माझ्या मशीनवर चालत नाहीत. वेचणीचे दिवस असतात. बोंड उमलून वाळलं की त्याची टोकं काट्यासारखी टोचतात. पंधरा दिवस कापूस वेचलेल्या बाईचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बघा, रेषा शोधाव्या लागतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत सरकारी पैसे खात्यावर पडतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात माझं गाव आहे. ग्रामपंचायतीच्या बाजूच्या खोलीत माझं केंद्र. सातबारा, दाखले, पीक विमा, लाईट बिल, आणि बँक मित्र म्हणून लोकांना आधारवर पैसे काढून देणं. २०१७ साली कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे निघाले, तेव्हा मी बी.कॉम. करून घरी बसलो होतो. नवरा-बायको दोघांचेही अंगठे लागायचे आणि सर्व्हर जरा बरा चालायचा तो मध्यरात्रीनंतर. लोक सतरंज्या घेऊन ओसरीवर झोपायला यायचे, मी नाव पुकारलं की डोळे चोळत आत यायचे. माझा धंदा त्या सतरंज्यांवर उभा राहिला.

सांगतोय ती गोष्ट २०२५ च्या नोव्हेंबरातली. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता आदल्या दिवशी पडला होता. सकाळी आठला शटर उघडलं तर पायरीवर तीस-पस्तीस माणसं. त्यात निम्मे कापसाच्या नोंदणीसाठी आलेले. त्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर आधी नाव घालावं लागत होतं. लांब धाग्याला हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये आणि गावात येणारा व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता, त्यामुळे सगळ्यांना घाई. पण ओटीपी जायचा पुण्याला असलेल्या पोराच्या फोनवर, नाहीतर रिचार्ज संपून बंद पडलेल्या नंबरवर. एकाचा ओटीपी तर बायकोच्या माहेरी गेला होता आणि तिथं फोन चुलीपाशी ठेवून मेव्हणा वावरात. गावात आज सगळ्यात मौल्यवान वस्तू कुठली म्हणाल तर चालू असलेला मोबाईल नंबर.

अकराच्या सुमारास मावशी आली. (गावात सगळे तिला मावशीच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) सत्तरीची, विधवा, तीन एकर कोरडवाहू. नवऱ्यानंतर फेरफार होऊन जमीन तिच्या नावावर आली, पीएम किसानही सुरू झालं. पण दोन वर्षांपासून पैसे बंद. दर हप्त्याला ती यायची, मी तिच्या जुन्या बँकेच्या खात्यातली शिल्लक बघायचो, तीनशे बारा रुपये दिसायचे आणि मी सांगायचो, "आले नाई मावशी." पुढच्या हप्त्याला तेच ३१२ आणि तेच वाक्य.

त्या दिवशी ती रांगेत उभी राहिली नाही. थेट दारात येऊन म्हणाली, "पैशे पाह्याले नाई आली. तुले सांगाले आली का आता मी येत नाई."

रांगेतल्या बाया गप्प झाल्या. मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, "बस मावशी, आज नीट पाहू."

नीट पाहू म्हणजे काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. पीएम किसानच्या साइटवर तिचा नोंदणी क्रमांक टाकला. इतकं साधं काम मी दोन वर्षांत एकदाही केलं नव्हतं, हे आता लिहिताना लाज वाटते. गर्दीत माणूस नेहमीचंच बटण दाबतो. स्क्रीनवर एकाखाली एक हप्ते दिसू लागले आणि प्रत्येकापुढे पैसे जमा झाल्याची नोंद. अर्थात सरकारने पाठवले होते, पोचलेही होते, फक्त मी बघत होतो त्या खात्यात नव्हते.

इथे थोडं सांगायला हवं, कारण बऱ्याच शिकलेल्या माणसांनाही हे माहीत नसतं. असे पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारवर येतात. आणि एका माणसाची चार खाती असली तर ज्या बँकेने त्याचं आधार या कामासाठी सगळ्यात शेवटी जोडून घेतलं, तिथं जातात. टपालवाल्याने जुना पत्ता खोडून नवा लिहावा तसं. पत्ता बदलला हे घरधन्याला कळलंच पाहिजे असं मात्र काही नाही.

"मावशी, तू दुसरी बँक कोणती काढली?"

"माह्या बापानं काढली होती का बँक?"

"सिम कुठून घेतलं?"

यावर ती थांबली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या बाजारात दोन पोट्टे छत्री लावून बसले होते. सिम फुकट होतं, फक्त बोट लावायचं. "एकडाव लावलं, थो म्हने लागलं नाई. मंग अजून लावलं. मंग अजून एकडाव."

बाजूला उभी असलेली तिची सून हसली. मला हसू आलं नाही. एक बोट सिमसाठी, दुसरं बहुतेक त्याच कंपनीच्या फोनवरल्या बँकेत खातं उघडायला, आणि तिसरं आधार तिकडे वळवायला. त्या पोरांना दर खात्यामागे काहीतरी मिळत असणार. सिम तर चार महिन्यांत रिचार्जअभावी बंद पडलं, म्हणजे खात्यात पैसे आल्याचे मेसेज कुणाच्याच फोनवर आले नाहीत.

मी मशीनवर बँकांची यादी उघडली, अंदाजाने ती बँक निवडली, आधार क्रमांक टाकला आणि मावशीला म्हटलं, "ठेव अंगठा."

नाही लागला.

वेचणी. उजवा अंगठा म्हणजे नुसती भेगाळलेली काळी माती. डावा तसाच. तर्जनी नाही, मधलं बोट नाही. मशीन दरवेळी लाल होई आणि स्क्रीनवर ३०० क्रमांकाची चूक येई, म्हणजे ठसा जुळला नाही. आमच्या धंद्यात प्रत्येकाचे आपापले तोडगे असतात. कोमट पाण्यात हात बुडव, ओल्या फडक्याने पूस, खोबरेल लावून कोरडं कर, काच स्वच्छ कर, उन्हाची तिरीप काचेवर पडत असेल तर खिडकीला पोतं लाव. सगळं केलं. जास्त वेळा चुकलं तर दिवसभरासाठी अडकून पडेल ही धाकधूक वेगळीच. मध्येच लाईट गेली. ग्रामपंचायतीत फायबर आलेलं आहे, पण लाईट गेली की तेही जातं. मग माझा फोन खिडकीच्या गजाला बांधून त्याच्या नेटवर काम.

मावशी तोवर वैतागली होती. "राहू दे बाबू. दिवसभराची मजुरी गेली माही. किलोमांगं दहा रुपये देऊन राह्यले औंदा."

तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की कापूस वेचताना करंगळी बाहेर राहते. चहाचा कप धरताना काहींची राहते तशी. टोचण्याचं काम तीन बोटांच्या वाट्याला येतं. आणि आधार काढताना तर दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. पहिलं आधार आपल्याच राज्यात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात त्यानंतर दोनेक वर्षांनी यंत्र आलं. तेव्हा मी कॉलेजला होतो आणि रांग लावायचं काम माझ्याकडे होतं. चार बोटं एकदम, मग दुसरी चार, मग दोन अंगठे. हे आठवलं.

"डावी करंगळी ठेव."

मशीन हिरवं झालं. शिल्लक आली: २४,०१७ रुपये.

मी दोनदा वाचलं. सहा हप्ते दिल्लीचे, सहा राज्याच्या नमो शेतकरीचे. एकही रुपया कुणी काढलेला नव्हता. आकडा मोठ्याने सांगायची माझी पद्धत नाही, पण तोंडून निघून गेला आणि खोलीतला गलका थांबला.

मावशी रडली वगैरे नाही. बराच वेळ आपल्या करंगळीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबू, मी तुह्या नावानं बोटं मोडली रे. दर हप्त्याले. मले वाटे, तूच खातं."

आता यावर काय बोलायचं! मी म्हटलं, "म्हणून तर लागत नव्हती बोटं." सगळे हसले, तीही हसली. पण ते वाक्य माझ्या पोटात रुतलं ते रुतलंच. दोन वर्षं मी तिला खरंच सांगत होतो, त्या खात्यात पैसे नव्हतेच. आणि तिचा संशयही वेड्यासारखा नव्हता. पैसा निघाला म्हणतात आणि पोचत नाही, मग मधल्या माणसावरच नजर जाणार. पूर्वी तो मधला माणूस वेगळा असायचा. आता मी आहे.

पुढची अडचण तिने उभी केली. "सारे दे आजच."

एका वेळी दहा हजारांच्या वर मशीन देत नाही, हे तिला समजावलं. पण माझ्या गल्ल्यात दहा हजार तरी कुठे होते? सकाळपासून वाटून ३,७०० उरले होते. लोकांना वाटतं मशीनमधून नोटा निघतात. नोटा माझ्या असतात. मी माझ्या खिशातले देतो, तेवढे माझ्या खात्यात जमा होतात, आणि गल्ला भरायला मला पुन्हा तालुक्याच्या शाखेत जावं लागतं. हजारामागे तीन-चार रुपये सुटतात, त्यातून पेट्रोल.

अशा वेळी मी समोरच्या किराणावाल्या काकांना हाक मारतो. ते दिवसभराची रोकड पिशवीतून आणून देतात, मी तेवढे त्यांना फोनवरून पाठवतो. त्यांना ते सोयीचंच पडतं. माल यवतमाळहून येतो आणि ठोक व्यापाऱ्याला पैसे फोननेच जातात. पूर्वी ते कंबरेला रोकड बांधून एसटीने जायचे. एकदा बसस्टँडवर खिसा कापला गेला, तेव्हापासून नोटांवरचा त्यांचा जीव उडाला.

शहरातले लोक विचारतात, गाव कॅशलेस झालं का? उलटं झालंय हो. संगणक आल्यावर आमच्या गावात रोकड वाढली. पूर्वी पैसे काढायला माणूस तालुक्याला जायचा, दिवस मोडायचा, आणि तेल-मीठ, औषध, पोरांचे कपडे तिथूनच घेऊन भजे खाऊन परत यायचा. पैसा गावात शिरायच्या आधीच निम्मा तिकडे. आता तो इथं निघतो आणि बराचसा इथंच फिरतो. काकांनी फ्रीज घेतला, एकाने पीठगिरणी टाकली, बाजारात भाजीच्या आठ-दहा पालांची पंचवीस झाली. सगळं श्रेय माझ्या मशीनला देत नाही. रस्ता डांबरी झाला, लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० येऊ लागले, हेही आहेच. आणि बाहेर जाणारी वाटही रुंद झाली आहे: प्रत्येक घरात तीन-तीन रिचार्ज, आणि लिंक दाबून खातं रिकामं झालेले दोघे तर माझ्याच गल्लीतले.

काकांनी आणलेले आणि माझे मिळून दहा हजार झाले. पुन्हा करंगळी, पुन्हा हिरवा. मावशीने नोटा थुंकी लावून मोजल्या, सुनेकडून मोजून घेतल्या, त्यातल्या अडीच हजार काढून तिथल्या तिथं काकांच्या हातात ठेवल्या. दिवाळीची उधारी होती. काकांनी त्यातल्या दोन हजार परत माझ्या टेबलावर ठेवल्या, "हेही पाठवून दे." एक पाचशेची नोट तर मी ओळखली, तिच्या कोपऱ्यावर हिरव्या शाईने कुणीतरी बेरीज केली होती. सकाळी मीच ती एकाला दिली होती.

उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी ये म्हणून सांगितलं. पण आधार जुन्या बँकेकडे वळवायचं राहिलं होतं, नाहीतर पुढचा हप्ता पुन्हा तिकडेच. त्याचा अर्ज कागदावर असतो, शाखेत नेऊन द्यायचा. मी भरला. मावशीला सही येत नाही. टेबलाच्या खणात तळाशी निळ्या शाईचा जुना पॅड होता, झाकण गंजलेलं. त्यावर दोन थेंब पाणी टाकलं, तिचा उजवा अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. भेगांसकट सगळा उमटला.

मावशीने अंगठा डोक्याला पुसला, कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "याले रेंज नाई लागत काय?"