पिवळी नळी निवळली तो दिवस

वैशाखातल्या त्या सकाळी जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा शेकरवरच्या (नळ्या सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावरच्या) बारा नळ्यांपैकी तिघींचा पिवळा रंग पार उडाला होता. प्रत्येक नळीत लिटरमागे 50 मिलिग्रॅम षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियम धातूचे विषारी, पाण्याला पिवळा रंग देणारे रूप, होते आणि जिवाणू होते गिरणाकाठच्या एका केळीच्या बागेतल्या काळ्या मातीतले. या बागेला लागून वाहणाऱ्या नाल्यात धातूंना मुलामा देणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे सांडपाणी येत असे, आणि बागेतल्या विहिरीचे पाणी दोन वर्षांपासून पिवळसर झाले होते.

आनंद झाला, पण रंगावर विसंबायचे नाही हे मी पूर्वी एकदा चूक करून शिकले आहे. पोषक द्रवातले सेंद्रिय घटकही क्रोमियमचे थोडेफार क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे रूप बदलतात. म्हणून आधी जिवाणूविरहित नळी आणि उष्णतेने मारलेल्या पेशींची नळी पाहिली. दोन्ही पिवळ्याच होत्या. मृत पेशींच्या नमुन्यात आम्ल आणि षट्संयुजी क्रोमियम असल्यास रंग देणारे डायफेनिलकार्बाझाइड घालताच गडद जांभळा रंग उमटला. त्या तिघींत मात्र काहीच उमटले नाही, आणि 540 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर घेतलेले रंगाचे मापही कोऱ्या द्रावणाइतकेच आले. काम जिवंत पेशींनीच केले होते.

पाण्यात षट्संयुजी क्रोमियम ज्या रूपात असते, तो क्रोमेटचा आयन घडणीने सल्फेटसारखा असल्यामुळे सल्फेटच्याच वाटेने तो पेशीत शिरतो. हा पाहुणा ओळखणारे काही जिवाणू त्याला पंपासारख्या प्रथिनाने पुन्हा बाहेर ढकलतात, तर काही विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने त्याचे त्रिसंयुजी, पुष्कळ कमी विषारी रूप करतात. बेल्जियममधील एका जस्त कारखान्याच्या गाळात 1976 साली सापडलेला क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरन्स जस्त, कॅडमियम आणि कोबाल्ट असेच बाहेर फेकत तग धरून राहतो, हे मी वर्गात कितीदा शिकवले असेल. पण आपल्याच खान्देशच्या मातीतून आलेला जीव डोळ्यांदेखत हे करतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

दुपारी बागायतदार काका निकालासाठी आले. साठीचे, उन्हाने रापलेले, डोक्याला उपरणे गुंडाळलेले. निवळलेली नळी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारले, "मंग आते हाई पानी चालस का?"

मी नाही म्हटले, आणि हे सांगणे सकाळच्या सगळ्या कामापेक्षा अवघड गेले. मी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली आणि पेशींसह तळाशी बसलेला हिरवट-करडा साका त्यांना दाखवला. धातू नाहीसा होत नाही, त्याचे रूप तेवढे बदलते; एकूण क्रोमियम पहिल्या दिवशी होते तेवढेच त्या नळीत आहे, हे त्यांना समजावले. शिवाय मातीतल्या मँगनीजच्या ऑक्साइडांमुळे हे कमी विषारी रूप पुन्हा घातक होऊ शकते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम आहे. त्यांच्या विहिरीचे पाणी त्याच्या कितीतरी पलीकडे होते.

"मग हे जिवाणूच सोडा की विहिरीत," ते म्हणाले. ही मागणी मला मनापासून समजते, पण मी ती मान्य केली नाही. धातू सोसण्याची जनुके पुष्कळदा प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर, असतात आणि त्याच प्लाझ्मिडवर प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकेही असू शकतात. ती तपासल्याशिवाय असा जीव कुणाच्या पाण्यात सोडणे मला पटत नाही. शिवाय नाल्यातून सांडपाणी येतच राहिले तर जिवाणू तरी किती पुरे पडणार? आधी नाला थांबला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारा पाण्याचा अहवाल मी त्यांच्यासमोरच लिहायला घेतला.

काका बराच वेळ साक्याकडे पाहत बसले. मग नळी माझ्या हातात देत म्हणाले, "आणि हा तळाचा गाळ? हा तुम्ही कुठं टाकता?"

मी त्यांना क्रोमियमच्या कचऱ्याचा वेगळा, झाकण लावलेला डबा दाखवला. त्यांनी झाकणावरची चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या विहिरीच्या तळातला गाळ कधी तपासणार, असे विचारले. सोमवारी सकाळी येते, असे मी सांगितले.