यरीहोची चढण

येशूच्या देशातल्या यात्रेत नासरेथहून कफर्णहूमपर्यंत आम्ही पायी गेलो, हे फोटोंवरून खरं वाटतं. मला त्यातलं सलग काही आठवत नाही. काना गावातलं लग्नाचं चर्च, हत्तीनच्या डोंगराची दोन शिंगं, गुडघ्यापर्यंत वाढलेली पिवळी मोहरी, आर्बेलच्या कड्यावरून दिसलेला गालीलाचा समुद्र. मधले दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस, करोनाच्या आदल्या वर्षीचे. नगर, जालना, औरंगाबाद, पुणे असा आमचा जमाव. पाळकसाहेब पुढे, टाळ मागे आणि चाल सुरू झाली की पायांचं दुखणं तेवढ्यापुरतं विसरायला व्हायचं.

चाल बिघडायची ती सिस्टरमावशींमुळे. जालन्याकडच्या, चाळीस वर्षं नर्सिंग केलेल्या, वयाने सत्तरीच्या आसपास. पहिली ओळ कुणीही धरो, दुसऱ्या ओळीला त्या पट्टी अशी चढवायच्या की पुरुषमंडळी गप्पच. शांत चिंतनाची वेळ आली की त्यांना नेमकी शेवेची पुडी सापडायची आणि ती सगळ्यांत फिरवायची असायची. आणि त्याच माझ्या खोलीत! पहाटे चारला उठून मोठ्याने स्तोत्रं वाचत. मी डोक्यावर उशी घेतली की म्हणायच्या, "झोप बाई तू, मी हळू वाचते." हळू म्हणजे शेजारच्या खोलीपर्यंत.

कैसरिया फिलिप्पीला बसने गेलो. आता त्याला बनियास म्हणतात. हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी लाल खडकाची भिंत, त्यात पॅन देवाची गुहा, मूर्तींसाठी कोरलेले कोनाडे, आणि खालून उसळणारं यार्देनचं थंडगार पाणी. इथेच शिष्य पेत्राने येशूला 'आपण ख्रिस्त आहात' म्हटलं, हे शाळेपासून पाठ. पाळकसाहेबांनी पुढची वचनं वाचली. ती आपण नेहमी घाईत वाचतो. मनुष्याच्या पुत्राने, म्हणजे स्वतः येशूने, दुःख सोसावं, वडीलजनांनी आणि याजकांनी त्याला नाकारावं, त्याला मारलं जावं, तिसऱ्या दिवशी त्याने उठावं, हे तो उघडपणे सांगायला लागतो. पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. आणि ज्याला घटकेपूर्वी धन्य म्हटलं त्यालाच सैतान म्हणून मागे हो सांगितलं जातं. मला पेत्राचं काही चुकलेलं वाटत नव्हतं. आपलं माणूस मरणाचं बोलायला लागलं की आपण दुसरं काय करतो? 'अभद्र बोलू नका' हे वाक्य आमच्या घरात आजीपासून चालत आलेलं आहे.

मावशी त्या वेळी काही बोलल्या नाहीत. शेवसुद्धा काढली नाही. मला जरा बरंच वाटलं.

कफर्णहूमला ऊन फार होतं. पेत्राचं घर म्हणून दाखवतात त्या अष्टकोनी पायावर नवं चर्च उभं आहे, काचेतून खाली बघायचं. आपल्या मरणाचं येशूने दुसऱ्यांदा सांगितलं ते गालीलातून जाताना. शिष्यांना समजलं नाही आणि विचारायला ते भ्याले. मग वाटेत वाद कसला घातला, तर आपल्यात मोठा कोण. पाळकसाहेबांनी इथे एक गोष्ट दाखवली, ती मात्र मनात राहिली. मार्कने आपल्या शुभवर्तमानात हे तीन वेळचं सांगणं दोन आंधळ्यांच्या मधे ठेवलंय. आधी बेथसैदाचा आंधळा, ज्याला पहिल्या स्पर्शाने माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात आणि दुसऱ्याने नीट दिसतं. शेवटी यरीहोचा बार्तीमय. मधे डोळे असलेले बारा जण.

यरीहोला उतरताना बसमध्ये तिसऱ्या वेळचं वाचन होतं. आपण वर यरुशलेमेस जात आहोत, असं म्हणून तो सगळं सांगतो, थट्टा, थुंकणं, फटके, मरण. आणि लगेच जब्दीचे मुलगे, बारांतलेच दोघे, येऊन उजवी-डावी जागा मागतात. 'आमेन' झालं, आणि पुढच्या सीटवरून दोन काकांमध्ये जुंपली. एकाचा गुडघा, दुसऱ्याला बस लागते. "कालपण तुम्हीच पुढं बसला होता!" आख्खी बस गप्प. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पाळकसाहेबांनाही आवरेना. काका मात्र हसले नाहीत. मुक्कामापर्यंत खिडकीबाहेर यार्देनचं खोरं बघत बसले, आणि दोघांच्याही जागा होत्या त्याच राहिल्या.

यरीहोत येशूला बघायला जक्कय चढला ते उंबराचं झाड पाहिलं. खजूर घेतले, महाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढायला लागलो. यरीहो समुद्रसपाटीच्या अडीचशे मीटर खाली आहे, यरुशलेम साडेसातशेच्या वर. म्हणजे पंचविसेक किलोमीटरमध्ये हजार मीटर चढायचं. पाळकसाहेबांना सगळंच पायी हवं होतं. वाटाड्या बेथलेहेमकडचा अरब ख्रिस्ती. त्याने हात जोडून सांगितलं, पुढे महामार्ग आहे, वसाहती आहेत, तपासणी नाके आहेत. वादी केल्टच्या दरीतून मठापर्यंत आणि तिथून वरच्या रस्त्यापर्यंत चाला, तेवढं पुरे. वादीतून चालताना कळलं की तेवढंही पुष्कळ होतं. दोन्ही बाजूंनी उघडे, चुनखडीचे डोंगर. कुठे झाड नाही. खाली पाण्याच्या पाटाकाठी तेवढी हिरवी रेघ. कड्याला चिकटलेला संत जॉर्जचा ग्रीक मठ निळ्या घुमटासकट आला आणि गेला. एलिया संदेष्ट्याला कावळ्यांनी भाकरी आणून दिली ती गुहा इथलीच, अशी परंपरा. मी ती आत जाऊन पाहिली नाही, कारण तोपर्यंत उजव्या टाचेचं काम झालेलं होतं.

मठापासून वरच्या रस्त्याला जाणारी वाट सिमेंटची आहे, वळणावळणाची, आणि दुपारी ती तापते. प्रत्येक पावलाला मोजा टाचेला चिकटून सुटत होता. टाळ पुढे गेले, मग त्यांचा आवाजही गेला. बदवी पोरं गाढवं घेऊन मागे लागली, "टॅक्सी, टॅक्सी!" मला गाढव नको होतं. मला खरं म्हणजे काहीच नको होतं. प्रभू पुढे चालत होता, ते विस्मित झाले आणि मागचे घाबरले होते, असं मार्क लिहितो. मी चक्क चिडलेले होते. कुणावर, ते नक्की नाही. पाळकसाहेबांवर, टूरवाल्यांवर, इतक्या उन्हात इतक्या चढणीवर माणसांना गंभीर काही सांगायला घेणाऱ्या प्रभूवरसुद्धा. घरी सांगितलं असतं, गालीलात, सावलीत, जेवण झाल्यावर.

"बस खाली," मागून आवाज आला.

मावशी माझ्याही मागे राहिल्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका खडकाची हातभर सावली होती, तिच्यात त्यांनी मला ढकललं आणि स्वतः उन्हात, तापल्या सिमेंटवर बसकण मारली. बूट काढला. मोजा सोडवताना बाटलीतलं पाणी हळूहळू ओतलं, स्वतःच्या प्यायच्या बाटलीतलं. टाच बघून म्हणाल्या, "चांगला रुपयाएवढा आलाय की." कमरेच्या पाऊचमधून स्पिरिटचा बोळा, सुई, बीटाडीन, गॉज, चिकटपट्टी सगळं निघालं. फोड कडेला टोचला, पाणी दाबून काढलं. "वरची कातडी काढायची नाही कधी. तीच औषध." बोटं इतकी हलकी की मला दुखायची वाट बघावी लागली. गॉज अशी दुमडली की बूट घातल्यावर दाब कडेला जावा. हे सगळं करताना तोंड चालूच होतं आणि त्या ओघातच त्यांनी सांगितलं, की लिव्हरमध्ये गाठ आहे, दिवाळीतच कळलं, वाढलेली आहे.

मी म्हटलं, "काही नाही होणार मावशी. आता औषधं किती निघालीत."

त्या हसायला लागल्या. खरंच हसल्या, पट्टी लावता लावता हात थांबवून. "अगं, मी वॉर्डात होते. मला सांगतेस?"

मग म्हणाल्या, "पोरांना सांगितलं मी. पहिल्यांदा सांगितलं तर धाकटा अंगावर ओरडला, आई असलं बोलायचं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तर सगळे ताटात बघत बसले, कुणी एक शब्द विचारीना. तिसऱ्यांदा सांगितलं, तर थोरल्याने प्लॉटचा विषय काढला." चिकटपट्टी दाताने तोडली. "वाईट नाहीयेत गं पोरं. घाबरलीत."

मी काय बोलणार होते? गाढवाचा पोऱ्या इतका वेळ आमच्या शेजारी उभा राहून मलमपट्टी बघत होता. मावशींनी त्याला शेवेची पुडी दिली. त्याने चिमूटभर तोंडात टाकून बघितली, मग पुडीच खिशात घातली आणि आमच्या दोघींच्या सॅक गाढवावर टाकून फुकट वर पोहोचवल्या. मावशी गाढवावर बसायला तयार होईनात. "ते झावळ्यांच्या रविवारी," म्हणाल्या. प्रभू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरला तो रविवार.

बस वर उभीच होती. चांगल्या शोमरोन्याची धर्मशाळा, समुद्रसपाटीची पाटी, लाल डोंगर, सगळं काचेतून गेलं.

बेथानीहून यरुशलेम हाकेच्या अंतरावर आहे, पण आता मधे उंच काँक्रीटची भिंत आहे आणि बसला मोठा वळसा घालून जावं लागतं. वाटाड्या भिंतीकडे बघत काही बोलला नाही. येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजराच्या कबरीत उतरायच्या पायऱ्या अंधाऱ्या, झिजलेल्या, ओबडधोबड. मावशी माझा खांदा धरून उतरल्या. खाली त्यांना शिष्य तोमा आठवला. लाजर मेला हे कळल्यावर, यहूदीयात जिवाला धोका असताना, 'आपणही जाऊ, याच्याबरोबर मरू' म्हणणारा. "सगळे त्याला अविश्वासी म्हणतात. अरे, त्या एकट्याला कळलं होतं कुठे चाललोय." मग वर येऊन वाचन झालं, शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी एका बाईने प्रभूच्या डोक्यावर जटामांसीचं तेल ओतलं त्याचं. तेल तीनशे दिनारांहून जास्त किमतीचं, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. बाकीचे कुरकुरले, की विकून गरिबांना देता आलं असतं. पाळकसाहेब म्हणाले, तिने पुरण्याच्या तयारीसाठी हे केलं असं प्रभूनेच म्हटलंय. मावशी माझ्या कानात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, बोलल्या, "बाकीचे हिशेब करत होते. ऐकलं फक्त तिनं."

यरुशलेममध्ये गर्दी. माडीवरची खोली, कोंबडा आरवल्याचं चर्च, दुःखाच्या वाटेवरची दुकानं, कबरेच्या चर्चमध्ये दोन तासांची रांग. प्रभू रडला त्या चर्चच्या खिडकीतून शहर दिसतं, तिथे मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. गेथशेमानेत संध्याकाळी जांभळ्या काचांच्या अंधारात पाळकसाहेबांनी एक तास जागं राहायला सांगितलं. वीस मिनिटांत गुडघेवाले काका घोरायला लागले, आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकून बस लागणारे काका.

त्या रात्री खोलीत मावशी म्हणाल्या, "मोबाइलवर मराठी लिहिता येतं ना तुला? घे लिहून." पलंगावर मांडी घालून त्या सांगत गेल्या. कबर यांच्या शेजारची, पैसे भरलेले आहेत, पावती कपाटात स्तोत्रसंहितेच्या पानात. हार-फुलं नकोत. लांबून येणाऱ्यांना जेवण, नुसतं चहा-बिस्किटावर पाठवायचं नाही. कोणती भजनं, कोणत्या क्रमाने, आणि टाळावरच, पेटी नको. "आणि सगळ्यांना म्हणता येईल अशी पट्टी घ्या म्हणावं. मी नसेन चढवायला." प्लॉट दोघांना अर्धा अर्धा, त्यावर एक अक्षर बोलायचं नाही.

"वाच."

मी वाचलं. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्त्या सांगितल्या. एका ओळीत मी आपल्या मनाने 'दुःखद' घातलं होतं, ते काढायला लावलं.

"आता धाकट्याला पाठव."

"मावशी, तिकडे साडेबारा वाजून गेलेत."

"जागा असतो तो. मोबाइलच बघत असतो."

पाठवलं. निळ्या खुणा लगेच आल्या. मग मिनिटभर काहीच नाही, आणि फोन वाजला.

"ओरडणार आता," मावशी म्हणाल्या, आणि चष्मा नीट करून माझ्या हातातून फोन घेतला.