तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णा आणि भाऊंचं बिनसलं कशावरून?

पुण्यात अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात माझा छापखाना आहे. एरवी लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकं छापतो. निवडणूक आली की ते सगळं बाजूला सारून कार्यअहवाल, पत्रकं, मतदार स्लिपा. त्यामुळे चहाला टेकलेला प्रत्येक माणूस मला राजकारणातला जाणकार समजतो आणि फिरून फिरून एकच विचारतो, "अहो, अण्णा आणि भाऊ एकाच पक्षाचे ना? गणपतीत एका गाडीतून आरत्या करत फिरायचे. मग एवढं बिनसलं कशावरून?"

दोघंही माजी नगरसेवक, खरी नावं सांगणार नाही. दोघंही माझी गिऱ्हाइकं आहेत आणि दोघांकडेही माझी उधारी आहे.

विचारणाऱ्याला काहीतरी चमचमीत हवं असतं. जागेचा व्यवहार, टक्केवारी, गेला बाजार वरच्या नेत्यांचे गट तरी. मी सांगतो, नकाशावरून बिनसलं. मग माणूस चहा संपवतो आणि निघतो. तुम्ही थांबला आहात, तर जरा सविस्तर सांगतो.

आमच्या धंद्यात एक आकडा पाठ ठेवावा लागतो, तो म्हणजे एका प्रभागात नगरसेवक किती. २००२ ला तीन होते. २००७ ला एकेकाचा वॉर्ड झाला. २०१२ ला दोन, २०१७ ला चार. २०२२ साठी पुन्हा तीन ठरले, ५८ प्रभाग आणि १७३ जागांची रचनाही झाली, पण राज्यातलं सरकार बदललं आणि ती रचना कागदावरच राहिली. त्यानंतर जवळपास चार वर्षं महापालिकेवर प्रशासक. शेवटी २०२५ मध्ये परत चाराची रचना आली, ४१ प्रभाग आणि १६५ जागा, त्यात एक प्रभाग पाच जणांचा. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. माझ्या पोटमाळ्यावर २०२२ च्या प्रभागाचा नंबर छापलेली भिंतीवरची कॅलेंडरं अजून पडून आहेत. वाटायला न्यायच्या आधीच तो प्रभाग रद्द झाला होता. रद्दीवाला त्या कागदाला भाव देत नाही आणि फेकायला माझा जीव होत नाही.

आता अण्णा आणि भाऊ. २०१२ ला दोघं शेजारशेजारच्या प्रभागांतून निवडून आले. मध्ये एक रस्ता. अलीकडचं अण्णांचं, पलीकडचं भाऊंचं. रस्ता खोदला तर दोघांना फोन जायचे आणि दोघंही सांगायचे, "ती बाजू आपल्याकडे येत नाही." दोस्ती अगदी घट्ट. मतदार वेगळे, तेव्हा भांडायचं कशाला?

२०१७ ला दोन-दोनांच्या ७६ प्रभागांचे मोठे ४१ झाले आणि तो रस्ता हद्दीचा राहिला नाही. दोघं एका प्रभागात आले. तरी निभावलं, कारण अण्णा ओबीसी जागेवर लढले आणि भाऊ खुल्या जागेवर. बरोबर दोन महिला. चौघांचं एकच पत्रक छापलं, चार फोटो, मध्ये चिन्ह. माझ्या हातून गेलेलं सगळ्यात सोपं काम ते. एकाच मापाचे चार चेहरे, एकालाही तक्रार नाही.

खरी गोची गेल्या खेपेला झाली. आधी हद्द हलली. नकाशा कोणी मनाला येईल तसा काढत नाही, निदान कागदोपत्री तरी. जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेले घरांचे छोटे गट, फोडायचे नाहीत, नदी-नाले, मोठे रस्ते, रेल्वेमार्ग धरून हद्द घ्यायची, उत्तरेकडून सुरुवात करून दक्षिणेला संपवायचं. म्हणून १ नंबर कळस-धानोरीकडे लागतो. लोकसंख्या सगळीकडे साधारण सारखी हवी, आणि ती मोजायची २०११ च्या जनगणनेवरून. तेव्हा जिथे ज्वारी होती तिथे आज बारा मजले उभे आहेत, पण ते असो. प्रारूप महापालिका आयुक्त करतात, ते नगरविकास खात्यामार्फत निवडणूक आयोगाकडे जातं, मग हरकती आणि सुनावणी. या सगळ्या चक्कीतून बाहेर आलेल्या नकाशात अण्णांनी वर्षभर खेटे घालून ड्रेनेज लाइन टाकून घेतलेली अख्खी गल्ली शेजारच्या प्रभागात गेली. भाऊंच्या तीन सोसायट्या गेल्या. बदल्यात आला असा तुकडा, जिथे दोघांनाही कुत्रं ओळखत नव्हतं.

तरीही दोघं एकमेकांशी बोलत होते. बोलणं थांबलं नोव्हेंबरमध्ये, गणेश कला क्रीडा मंचात आरक्षणाची सोडत निघाली तेव्हा. ओबीसी जागा महिलांसाठी गेली. निम्म्या जागा महिलांच्या असतात, त्यामुळे चारांतल्या दोन तशाही गेलेल्या. राहिलेल्यांतली एक अनुसूचित जातीसाठी राखीव. मग या दोघांना उरलं काय? एकटी 'ड' जागा, म्हणजे खुली. आणि तिच्यासमोर दोन माजी नगरसेवक, दोघंही एकाच पक्षाचे, दोघांकडेही पंधरा-पंधरा मंडळं आणि काशीयात्रेला नेऊन आणलेल्या तीन-तीन बसभर मावश्या.

अण्णांना कोणी सुचवलं, वहिनींना महिलेच्या जागेवर उभं करा. वहिनी म्हणाल्या, "पहाटे पाचला पाणी आलं नाही म्हणून लोक ह्यांना उठवतात, ते मी बघितलंय. मला नको." त्या घरात मला सगळ्यात शहाणं वाटलेलं हेच एक वाक्य.

लोक म्हणतात, मुद्दाम केलं, कोणाला तरी संपवायला केलं. असेलही. पण दर वेळी कट शोधावा लागत नाही. माझा भाचा लॉस एंजेलिसला असतो. त्याने सांगितलेला किस्सा २०१२ चा. तिथल्या सॅन फर्नांडो व्हॅलीत हॉवर्ड बर्मन आणि ब्रॅड शर्मन हे दोन खासदार, दोघंही डेमोक्रॅट, बर्मन तर १९८३ पासून संसदेत. कॅलिफोर्नियात मतदारसंघ आखायला नागरिकांचा स्वतंत्र आयोग आहे, पक्षांचा त्यात हात नाही. तरीही फेररचनेत दोघं एकाच मतदारसंघात येऊन आदळले. तिथे प्राथमिक फेरीतले पहिले दोघं, पक्ष कुठलाही असो, शेवटच्या लढतीत जातात. त्यामुळे डेमोक्रॅटसमोर डेमोक्रॅट, थेट नोव्हेंबरपर्यंत. विचारांत फरक नावाला. ऑक्टोबरमधल्या एका वादसभेत शर्मननी बर्मनच्या खांद्यावर हात टाकून त्यांना जवळ ओढलं आणि भर व्यासपीठावर "भिडायचंय का?" असं दरडावलं. पोलीस मध्ये आला. मोठ्या फरकाने शर्मनच निवडून आले.

विचारांत फरक नसला की भांडण श्रेयाचं होतं, हे मला छापखान्यात बसून कळलंय. विरोधी पक्षाच्या माणसाला तुम्ही भ्रष्ट म्हणू शकता, धोरणावर झोडू शकता. आपल्याच पक्षाच्या माणसाला काय म्हणणार? नेता एक, जाहीरनामा एक. मग उरतं एवढंच की तो पाण्याचा पाइप मी आणला, त्याने नाही. आणि जिथे चिन्हावरच निवडून येणार अशी खात्री असते, तिथे खरी निवडणूक असते तिकिटाची. मतदान ही नंतरची औपचारिकता. ३० डिसेंबरला, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कोणाला हे गुलदस्त्यात ठेवतात ते त्यासाठीच. धनकवडीकडे तर एकाच पक्षाचे दोन फॉर्म निघाले आणि एकाने दुसऱ्याचा फाडून गिळला अशी बातमी झाली. लोक हसले. मला नाही हसू आलं. पाच-सात वर्षं त्या कागदासाठी माणूस लोकांच्या मयतीला जातो.

तर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघंही माझ्याकडे अहवाल छापायला आले. वेगवेगळ्या दिवशी. दोघांनीही "त्याला कळू देऊ नका" अशी तंबी दिली. मजकूर जुळवायला घेतला तर दोन्ही अहवालांत तीच व्यायामशाळा, तीच विरंगुळा केंद्राची शेड, तेच पेव्हर ब्लॉक. उद्घाटनाचा फोटोही तोच. भाऊंनी अण्णांच्या खांद्यावर हात टाकलाय, दोघं एकाच कात्रीने फीत कापतायत. अण्णा म्हणाले, फक्त मला ठेवा. आमच्या मुलाने भाऊंना कापलं, पण खांद्यावरची चार बोटं राहिली, पोवळ्याच्या अंगठीसकट. तो खोडायला लागला तर अण्णांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "राहू दे. कोणी कार्यकर्ता असेल असं वाटेल."

चार दिवसांनी भाऊ प्रूफ बघायला आले. टेबलावर अण्णांच्या अहवालाचं पान राहिलं होतं, चूक माझी. भाऊंनी ते उचललं, बराच वेळ बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "कागद जरा जाड वापरा. त्याच्यापेक्षा."

हा प्रकार फक्त नगरसेवकांपुरता नाही. २००८ च्या फेररचनेत पुण्यातले भवानी पेठ आणि बोपोडी हे विधानसभेचे मतदारसंघच गेले. पर्वती राखीव होता तो खुला झाला, कॅन्टोन्मेंट राखीव झाला. तेव्हाही बांधलेली घरं सोडून माणसं दुसऱ्याच्या दारात उभी राहिली आणि त्या दारात आधीच कोणीतरी आपलं माणूस होतं. फरक एवढाच की आमदारांच्या वाट्याला हे एका आयुष्यात एकदा-दोनदा येतं. नगरसेवकाच्या दर निवडणुकीला.

तिकीट भाऊंना मिळालं. अण्णांना स्वीकृतचं, म्हणजे निवडणूक न लढता पक्षाने नेमलेल्या नगरसेवकपदाचं, बघू म्हणून सांगितलं. दोन दिवस अण्णांचा फोन बंद होता. अर्ज मागे घ्यायची मुदत संपायच्या दिवशी दुपारी दोघं एकत्र आले, बरोबर शहर पातळीवरचे एक पदाधिकारी. जाहीर पाठिंब्याचं पत्रक हवं होतं, रात्रीपर्यंत, पाच हजार. अण्णा खुर्चीत बसून राहिले, मजकूर भाऊंनीच सांगितला. मी विचारलं, फोटो कुठला घेऊ?

"तो व्यायामशाळेचा," भाऊ म्हणाले. "अख्खा आहे ना तुमच्याकडे?"

होता. लावला. बिल कोणाच्या नावाने करू विचारलं तर अण्णांनी भाऊंकडे बघितलं आणि भाऊंनी पदाधिकाऱ्यांकडे. तेव्हापासून ते बिल माझ्या गल्ल्यात आहे, दोन अहवालांच्या बिलांसोबत.