नंबर वन खेळाडू घरी का बसतो?

ऑलिम्पिकची टीम जाहीर झाली की कोणीतरी विचारतंच, अरे तो कुठंय, सगळ्यात भारी तर तोच ना? मलाही आधी वाटायचं की राजकारण असणार, आणि असतंही कधीकधी, पण बऱ्याचदा नियमच आडवा येतो.

अमेरिकेचंच बघा, ॲथलेटिक्सच्या ट्रायल्समध्ये, म्हणजे निवड चाचणीत, पहिल्या तिघांत आलात तर जाणार, नाव कितीही मोठं असो. डॅन ओब्रायन १९९१ चा डेकॅथलॉनचा (दहा प्रकार, सगळ्यांचे पॉइंट्स एकत्र) वर्ल्ड चॅम्पियन, १९९२ च्या ट्रायल्समध्ये आघाडीवर होता, आणि त्यातल्या पोल व्हॉल्टला (लांब काठीच्या आधाराने उंच उडी) सुरुवातच केली ४.८० मीटरवर, तिन्ही उड्या फसल्या, त्या प्रकारात पॉइंट शून्य, बार्सिलोना ऑलिम्पिक हातचं गेलं. त्याच सप्टेंबरमध्ये पठ्ठ्याने ८८९१ पॉइंट्सचा वर्ल्ड रेकॉर्ड केला! बार्सिलोनात गोल्ड ८६११ वर मिळालं होतं. हे आकडे शेजारी ठेवून बघितले की अजूनही पोटात कालवतं.

दुसरं म्हणजे कोटा. २००८ ला टेबल टेनिस सिंगल्सची सहाही मेडल्स चीनने नेली, नंतर पुरुषांच्या आणि महिलांच्या सिंगल्समध्ये एका देशाचे दोन-दोनच खेळाडू असं ठरलं, म्हणजे चीनचा तिसरा जगात तिसरा असला तरी सिंगल्सच्या बाहेरच.

फुटबॉलचं तर काय सांगायचं, पुरुषांमध्ये २३ वर्षांखालचे आणि वर फक्त तिघे मोठे, त्यातही क्लबने सोडलं तर. पण मला ट्रायल्सवाली पद्धतच पटते, निदान खेळाडूला माहीत तरी असतं की आपण नेमके कुठे चुकलो, बंद खोलीतल्या मीटिंगमध्ये नाव कापलं गेलं तर ते कोणाला विचारणार? ओब्रायन चार वर्षांनी परत आला आणि अटलांटा ऑलिम्पिकमध्ये गोल्ड घेऊन गेला.