सुखतळा

मंगळवार, रात्र

सराव आटोपल्यावर बूट वाळत घातले होते आणि सुखतळे काढून बाकावर ओळीने मांडलेले. आमच्या फुटबॉल संघातल्या माझ्या पेशंटची जोडी शेवटची. डाव्या सुखतळ्यावर पाच बोटांचे पाच खळगे, चवड्याखालची अख्खी पट्टी दबून काळी पडलेली. उजव्यावर अंगठ्याखाली बऱ्यापैकी खड्डा, दुसऱ्या बोटामागे त्याहून खोल, आणि करंगळीची बाजू जवळजवळ कोरी. छापलेली अक्षरंसुद्धा शाबूत.

एवढंच. यात झोप उडण्यासारखं काय आहे?

उजव्या पायाचं करंगळीमागचं हाड मोडून स्क्रू बसला, त्याला चौदावा आठवडा चालू आहे. सीटी स्कॅनमध्ये हाड जुळलेलं आहे. एका पायावर उभं राहून चवड्यावर उठणं, दोन्हीकडे २५-२५. पोटरीचा घेर, गुडघ्याखालच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटरवर मोजला, तर फरक एक सेंटीमीटरच्या आत. लंगडी उडी उजव्या पायाने डाव्याच्या ९५ टक्के. सगळ्या रकान्यांत टिक. आणि सुखतळ्याची ती कड कोरी.

आधी वाटलं, कार्बन प्लेटमुळे असेल. उजव्या बुटात सुखतळ्याखाली प्लेट आहे, डाव्यात नाही. पण कडक वस्तूवर ठेवलेला फोम उलट जास्त दबतो. ते कारण तिथेच बाद. मग वाटलं, उजवा सुखतळा मध्येच बदलला असेल. नाही. दोन्ही एकाच दिवशी घातलेत, चार आठवड्यांपूर्वी. तिसरं कारण शोधायला बसले आणि मग लक्षात आलं की मी कारण शोधत नाहीये, पळवाट शोधतेय.

उडी किती लांब गेली ते टेप सांगते. पाय कुठल्या कडेवर उतरला ते टेप सांगत नाही. चवड्यावर उठण्याचंही तेच: टाच वर गेली की आपण आकडा मोजतो. अंगठ्याकडे झुकून, करंगळीचा सांधा जमिनीवरून अर्धा सेंटीमीटर उचलून २५ काढले तरी ते २५च. समोरून बघितलं तर कळतही नाही. मागून, वाकून, नजर टाचेच्या पातळीवर आणली तर कळतं. कोणी वाकतं का? मी वाकले होते का? पहिल्या दहापर्यंत बहुतेक वाकले असेन.

आणि हे त्याला शिकवलं कोणी? आम्हीच. पहिले दोन आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. नंतर वॉकर बूट, त्यातही बाहेरच्या कडेवर भार नको. नंतर साधा बूट, तरी वळताना जपून, कड सांभाळ. दिवसातून तीस वेळा हे ऐकलेला पाय शहाण्या मुलासारखा वागतोय. ‘आता टेकव’ असं मात्र त्याला कोणी सांगितल्याचं आठवत नाही. फॉर्मवर तो रकानाच नाही.

गंमत अशी की ते हाड मोडलं तेच मुळी बाहेरच्या कडेवर जगण्यामुळे. उंच कमानीचा पाय, टाच किंचित आत कललेली, जुन्या बुटांच्या सुखतळ्यांना करंगळीखाली भोकं पडलेली. पाचव्या मेटाटार्सलच्या, म्हणजे करंगळीमागच्या लांब हाडाच्या, बुडाशी, जिथे बूड संपून दांडा सुरू होतो, तिथे रक्तपुरवठा मुळात तोकडा. बुडाकडून येणाऱ्या वाहिन्या आणि दांड्यात शिरणारी वाहिनी यांच्या सीमेवरची जागा ती. दोन्हीकडून येणारं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचू नये तसं. त्यात चीर पडते खालच्या-बाहेरच्या अंगाला, जिथे प्रत्येक पावलाला हाड ताणलं जातं, आणि भरून येताना तीच बाजू सगळ्यात शेवटी भरते. म्हणून तर नुसत्या एक्स-रेवर भरवसा न ठेवता सीटी केला. स्क्रू हाड जुळवत नाही, जुळेपर्यंत धरून ठेवतो. दुखणं मात्र स्क्रू बसल्यावर लवकर थांबतं, आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो.

मग कड कोरी आहे तर बरंच झालं, असंही कोणी म्हणेल. पण भार काही हवेत विरत नाही. तो सरकलाय दुसऱ्या मेटाटार्सलवर. लांब, सडपातळ, आणि बुडाशी मधल्या हाडांच्या खाचेत घट्ट अडकलेलं, म्हणजे हलून सुटका करून घ्यायचीही सोय नाही. फुटबॉलपटू बेकहॅमचं २००२ साली मोडलं ते हेच दुसरं, पण ते टॅकलमध्ये. इथे टॅकलची गरज नाही. महिनाभर खोल होत जाणारा तो खळगा पुरे.

सरांनी, म्हणजे कोचनी, आजही विचारलं, “शनिवारी नव्वद मिनिटं ना?” गेले चौदा आठवडे प्रश्न एकच, फक्त वार बदलतो. यात त्यांचीही चूक नाही म्हणा. बेकहॅम १० एप्रिलला मोडला आणि २ जूनला वर्ल्ड कपमध्ये उभा. रूनी २००६ मध्ये २९ एप्रिलला चौथं मेटाटार्सल मोडून १५ जूनला बदली म्हणून उतरला. तेव्हापासून पायाचं हाड मोडलं की सगळे कॅलेंडर उघडतात. नेमारचं पाचवं फेब्रुवारी २०१८ मध्ये मोडलं, मार्चमध्ये शस्त्रक्रिया, जूनमध्ये मैदानात आणि गोलसुद्धा. आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याच पायाचं तेच हाड. ही तारीख कॅलेंडरवाल्यांच्या लक्षात राहत नाही. गोलकीपर नॉयरही तसाच, एप्रिल २०१७ ला डावा पाय, सप्टेंबरमध्ये पुन्हा डावाच. चांगलं झालं तर सर्जनचा हात चांगला. पुन्हा मोडलं तर धावायला लावलं कोणी, ही चौकशी. आम्हा फिजिओंच्या वाट्याला हे दुसरंच येतं. जाऊ दे. हे रात्री लिहू नये, सकाळी वाचवत नाही.

ज्या रॉबर्ट जोन्सच्या नावाने हे फ्रॅक्चर ओळखलं जातं, त्याने स्वतःचं हाड नाचताना मोडून घेतलं होतं आणि १९०२ मध्ये त्यावरच लेख लिहिला. इतक्या मोठ्या हाडवैद्याला नाचताना जमिनीचा अंदाज आला नाही. मी एका सुखतळ्यावरून रात्र जाळतेय. बरोबरी झाली.

आणि खरं सांगायचं तर कोरी कड चौदाव्या आठवड्यात दिसली हे नशीबच. पायाचा भार मोजणारी फोर्स प्लेट असती तर आधी दिसली असती. नाहीये. सुखतळे आहेत. यापुढे दर आठवड्याला काढायचे, वाळवायचे, दिवा बाजूने धरून बघायचे आणि खळग्यांच्या कडेने पेनाने रेघ मारायची, म्हणजे पुढच्या वेळी रेघ कुठे सरकली ते कळेल. फुकटचं यंत्र.

बाकी काय करायचं ते अवघड नाही. करंगळीच्या सांध्याखाली कागदाची पट्टी ठेवायची, चवड्यावर उठताना दुसऱ्याने ती ओढायची. निघाली तर ते उठणं मोजायचं नाही. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, ८-८ चे तीन सेट. पेरोनियलसाठी, म्हणजे पाय बाहेर वळवणाऱ्या स्नायूंसाठी, रबर बँड, पण पाय बाहेर वळवताना अंगठा दाबलेलाच राहिला पाहिजे, नाहीतर कमानीच्या पायाचा माणूस पुन्हा बाहेरच्या कडेवर जाऊन बसायचा. ते तर आपल्याला अजिबात नकोय. गोलात धावणं: आतला पाय बाहेरच्या कडेवर टेकतो, त्यामुळे उजव्याला भार हवा तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. आधी १५ मीटर त्रिज्या, तीन-चार दिवसांनी १०, ५ मीटर सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचव्याच्या बुडावर अंगठ्याने दाबायचं, आणि आता दुसऱ्याच्या दांड्यावरही. दुखलं तर एक पायरी मागे, वाद नाही. स्टड बदलायचे, सध्याच्या बुटात एक स्टड नेमका पाचव्याच्या खाली येतो. हे आधीच बघायला हवं होतं, पण ते एक वेगळंच.

लिसफ्रँकवाल्याबद्दल, म्हणजे पायाच्या मधल्या सांध्याला इजा झालेल्या दुसऱ्या पेशंटबद्दल, आज लिहीत नाही. तळव्यावरचा तो निळा डाग, उभं राहून काढलेला एक्स-रे, दोन मिलिमीटरची फट. तिथे आठवड्यांची भाषाच चालत नाही.

शनिवारी तीस मिनिटं, असं सांगितलं. सरांनी फोन ठेवला की कट झाला, कळलं नाही.

त्याला सुखतळा दाखवला तेव्हा बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “मॅडम, मी तर पूर्ण पाय टेकवतो.” आणि खरंच, त्याला तसं वाटतं. खोटं बोलत नव्हता. मग पट्टी लावली. पहिल्यांदा ओढली, अलगद हातात आली. दुसऱ्यांदाही. त्याने वाकून स्वतःच्या पायाकडे असं बघितलं, जणू कोणा दुसऱ्याचाच आहे. तिसऱ्यांदा ओढली तर अर्धी निघाली, अर्धी पायाखालीच फाटून राहिली.