शंभर कोंबड्यांची बाटली

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की आधी कोंबडा बाहेर येतो, मग तांबडी, मग बाकीच्या. हा क्रम आमच्याकडं चुकत नाही. तीन वर्षांपूर्वी एप्रिलात एका सकाळी दार उघडलं आणि कुणीच बाहेर आलं नाही. वाकून बघितलं, तर तांबडी कोपऱ्यात पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेली. कोंबडा उभा होता, पण चोच उघडी ठेवून श्वास ओढत होता. खाली हिरवट-पांढरी पातळ हगवण. दुपारपर्यंत दोन तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांच्या, माना पिळायला लागल्या. त्यातली एक मान पाठीवर टाकून जागच्या जागी गोल फिरत होती. मी तिच्यापुढं कणी टाकली. तिला दाणा दिसत होता, ती चोच मारत होती, पण चोच दरवेळी दाण्याच्या शेजारी पडत होती. ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आत्याबाईंनी उंबऱ्यातूनच ओळखलं. "मानमोडी हाय ही. आता ऱ्हात न्हाईत." आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पाटणच्या पुढं कोयनेच्या खोऱ्यात आमची वाडी आहे, आणि या घरात कोंबड्या माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून आहेत. सतरापैकी चौदा आठ दिवसांत गेल्या. दुकानातून पाण्यात घालायची पावडर आणली, ती प्रतिजैविकाची होती. मानमोडी विषाणूमुळं होते, त्यावर प्रतिजैविक चालत नाही आणि एकदा लागण झाली की औषधही नाही, हे मला नंतर कळलं. त्याआधी लस देता येते, एवढंच.

आम्ही ती कधीच दिली नव्हती. "गावठीला काय होत न्हाई, लस पोल्ट्रीवाल्यांनी द्यायची," असं सगळेच म्हणायचे, आणि मीही तेच धरून चालले होते. गावठी कोंबडी काटक असते हे खरंच आहे. पावसात भिजते, उकिरडा उकरून पोट भरते, घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेते. पण या रोगापुढं तिचं काही चालत नाही. याचं पुस्तकातलं नाव राणीखेत. १९२६ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला तो नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडं कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला, म्हणून हे नाव. शंभर वर्षं होत आली, तरी आमच्या वाडीत तो दर एक-दोन उन्हाळ्यांनी येतच होता आणि आम्ही त्याला नशीब म्हणत होतो.

आमच्या घरात तो बहुधा मीच आणला. आठवड्याच्या बाजारातून दोन तलंगा घेतल्या आणि त्याच संध्याकाळी बाकीच्यांबरोबर खुराड्यात कोंडल्या. नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची असते. आता मी ती परड्याच्या दुसऱ्या टोकाला डालग्याखाली ठेवते, तिचं पाण्याचं भांडंही वेगळं असतं, आणि दाणापाणी आधी आपल्या कोंबड्यांना, मग तिला.

मेलेल्यांचं काय करायचं हेही तेव्हाच शिकले. लोक ओढ्यात टाकतात, नाहीतर आजारी दिसली की घाईघाईनं कापतात आणि पिसं-आतडी उकिरड्यावर फेकतात. मग कुत्री ओढतात, दुसऱ्याच्या कोंबड्या तिथंच उकरतात. आम्ही खोल खड्डा काढून चुना टाकून पुरल्या. मुलगी तेव्हा सहावीत होती. तिनं तांबडीवर स्वतः माती लोटली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

कोंबड्या पुन्हा पाळायच्या की नाही, यावर घरात फार बोलणं झालं नाही. आत्याबाईंच्या हातात जो चार पैसा येतो तो अंड्यांचा, आणि मुलीच्या ताटात रोज एक अंडं पडावं ही माझी इच्छा. तीन उरल्या होत्या, त्यातली एक खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि बसते, वर्षाला साठ-सत्तरच्या वर जात नाही. पाच माणसांच्या घराला तेवढ्यानं भागत नाही. म्हणून ओळखीच्या एका घरून ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प जातीची फळणारी, म्हणजे पिल्लं निघतील अशी, अंडी आणली. ती जात दुपटीहून जास्त अंडी देते, पण गावठीसारखी अंड्यांवर बसत नाही. बसायचं काम आमच्या गावठीनं केलं. पाटीत भाताचा पेंढा, खाली थोडी राख, वर अकरा अंडी. सातव्या रात्री दिवे मालवून एकेक अंडं बॅटरीवर धरलं. नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका दिसला, दोन कोरी निघाली. एकविसाव्या दिवशी नऊपैकी आठ पिल्लं बाहेर आली. काळी पिल्लं आणि तांबूस आई, अजिबात मेळ नाही, पण तिला त्याचं काही नव्हतं.

सातव्या दिवशी पिल्लांना मानमोडीची लासोटा लस द्यायची, एका डोळ्यात एकच थेंब. आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही त्याच रोगाची दुसरी लस, पंखाखाली सुईनं. हे मी जनावरांच्या दवाखान्यात जाऊन विचारून आले, आणि अडचण तिथंच कळली. बाटली शंभर मात्रांची येते. माझ्याकडं पिल्लं आठ. लस थंडच राहायला हवी, आणि एकदा पाणी घालून कालवली की दोन तासांत संपवायची, उरली तर ठेवता येत नाही. म्हणजे आठ पिल्लांसाठी शंभराची बाटली फोडायची आणि ब्याण्णव मात्रा वाया घालवायच्या. गावठी कोंबड्यांना लस का दिली जात नाही, याचं खरं कारण मला त्या काउंटरवर उमगलं. बाया आळशी नाहीत, अडाणी नाहीत. प्रत्येकीकडं पाच-सहा कोंबड्या आहेत आणि बाटली शंभराची आहे.

घरी येऊन वहीचं एक पान फाडलं आणि आळी हिंडले. कुणाच्या चार, कुणाच्या नऊ, कोपऱ्यावरच्या जाऊबाईंच्या बावीस. नाहीतरी आमच्या कोंबड्या दिवसभर एकत्रच चरतात. माझ्या एकटीच्या लसवलेल्या आणि शेजारच्या आजारी, असं झालं तर शेजारणीचं नुकसान माझ्या डोळ्यांदेखत होणार. पहिल्या खेपेला मोठ्या एकसष्ट आणि पिल्लं चौतीस जमली. पैसे वाटून कोंबडीमागं दोन-तीन रुपयेसुद्धा पडले नाहीत.

हे काम पहाटेच करावं लागतं. कोंबड्या खुराड्यात असतात, ऊन चढलेलं नसतं. आमचे हे आदल्या दिवशी पाटणहून थर्मासमध्ये बर्फ घालून बाटल्या घेऊन आले. दवाखान्यातले पर्यवेक्षक पहिल्या वेळी स्वतः आले आणि त्यांनी मला हात धरून शिकवलं. पिल्लू डाव्या मुठीत असं घ्यायचं की फक्त डोकं बाहेर राहील. डोळ्यावर थेंब सोडला की लगेच खाली ठेवायचं नाही. पिल्लू डोळा मिचकावतं, थेंब आत जातो, गळ्याशी गिळल्यासारखी हालचाल होते, मग सोडायचं. मुठीत त्याचं काळीज इतकं भराभर वाजतं की आपलाच हात थरथरतोय असं वाटतं. सुस्त, पिसं फुगवलेली कोंबडी दिसली तर तिला त्या दिवशी टोचायचं नाही. आर-टू-बीनंतर चार-दोन दिवस अंडी थोडी कमी होतात, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर लोक घाबरतात.

आत्याबाईंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. "सुया टोचून कोंबड्या मारशील." त्या लांब ओट्यावर बसून राहिल्या. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पलीकडच्या वाडीत मानमोडी आली, खुराडी रिकामी झाली. आमच्या आळीत एकही गेली नाही. त्यानंतरच्या खेपेला त्या पहाटे माझ्या आधी उठल्या आणि कोंबड्या धरून द्यायला स्वतः बसल्या. कुठली कोंबडी कुणाची हे त्यांना अंधारात पिसांवर हात फिरवून कळतं. मी अजून तिथवर पोचले नाही.

आज आमच्याकडं नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. सहा काळ्या, तीन गावठी. अंडी दिवसाला तीन-चार, पावसाळ्यात दोन. वाळवलेली टरफलं कुटून कणीत मिसळते, त्यानं कवच पातळ पडत नाही. अंडी धूत नाही, गरजेपुरती फडक्यानं पुसते. धुतली की वरचा नैसर्गिक थर जातो आणि लवकर बिघडतात. आठवड्याला दहा-बारा अंडी विकली जातात, ते पैसे आत्याबाईंच्या बटव्यात.

परवाच्या रविवारी पुन्हा लस झाली. यादीत त्र्याण्णव होत्या. सगळ्या उरकल्या तरी सव्वा तास शिल्लक होता, म्हणून मुलीनं खालच्या वाडीत फोन केला. पाऊण तासानं एक म्हातारी चढण चढून आली, डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं फडकं. फडकं उचललं तर आत पाय बांधलेल्या चार कोंबड्या. आत्याबाईंनी तिला आधी पाणी दिलं आणि पाटीतली पहिली कोंबडी उचलून माझ्यापुढं धरली.